डबा रिकामा परत जाऊ नये : कोकणात नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी

नोकरी संपवून, जमीन घेऊन किंवा आजोबांचं पडकं घर उभं करून कोकणात राहायला येणारे आता गावोगाव दिसतात. आम्ही दोघं त्यांतलेच. गुहागर तालुक्यात समुद्रापासून दहा मिनिटांच्या वाटेवर आमचं चिऱ्याचं घर आहे, मागे दहा-बारा माडांचं आगर. पुण्यात आम्ही मध्यमवर्गीय होतो. इथे आलो आणि दोन महिन्यांत लक्षात आलं की या वाडीत आपण श्रीमंत आहोत. दारात चारचाकी, घरात इन्व्हर्टर, महिन्याच्या महिन्याला न चुकता येणारं पेन्शन. पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, वरच्या अंगाला राहणाऱ्या घरात यांतलं एकही नव्हतं, आणि आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याच घरातून आम्हाला नारळ आले होते.

नवे आलेले लोक भेटले की विचारतात, "इथे इतकं सुख मिळालंय, गावासाठी काहीतरी करावंसं वाटतं. सुरुवात कुठून करू?" मी ज्या क्रमाने सांगते त्याच क्रमाने इथे लिहिते. हा क्रम मला चुका करूनच सापडला आहे.

पहिलं वर्ष : वही घाला

पहिल्या वर्षी कुणाला काही देण्याची घाई करू नका. एक साधी वही घ्या आणि आपल्याकडे काय काय आलं ते त्या-त्या दिवशी लिहा. तारीख, कुणाकडून, काय. नारळ, केळफूल, दोन बांगडे, पावसात गच्चीवर ताडपत्री टाकायला आलेले हात, गॅस संपला तेव्हा मिळालेला सिलिंडर, "आज समुद्रावर जाऊ नका, पाणी खवळलंय" हा निरोप. सगळं लिहा. आमची पहिल्या वर्षाची वही मी अजून जपून ठेवली आहे.

त्यातली मार्चमधली एक नोंद सांगते. "शेजारच्या काकी. ओले काजूगर, सोललेले, वाटीभर." एवढंच लिहिलं होतं. ती वाटी उसळ करून आम्ही दोन घासांत संपवली. पुढच्या वर्षी मी काकींच्या खळ्यात बसून त्यांच्याबरोबर काजू सोलले. ओली बी चिरली की चीक उडतो आणि तो जिथे लागेल तिथे कातडी भाजते. काकी हाताला राख चोळून बसतात, तरी बोटं काळी पडतात आणि दोन दिवसांनी सालं निघतात. बाजारात ओले काजूगर शेकड्यावर विकतात, म्हणजे प्रत्येक गर मोजून. माझे वीस सोलून होईपर्यंत काकींचे शंभर झाले होते, आणि माझ्या अंगठ्याला फोड आला होता. घरी येऊन मी वहीतल्या त्या जुन्या नोंदीपुढे लिहिलं, "अर्धा दिवस."

वही घालायची ती यासाठी. आलेली वस्तू किती रुपयांची हे न बघता ती किती वेळाची आणि किती कष्टाची आहे हे कळायला लागलं की आपलं देणंही बदलतं. वर्ष संपलं की वही एकदा सलग वाचून काढा. कोण कोण सारखं येऊन गेलंय आणि त्यांच्याकडे आपण एकदाही गेलेलो नाही, हे तिथे दिसतं.

डबा भरून परत करा

कुणाकडून काही आलं की भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे आपल्या सगळ्यांच्या आज्या पाळत होत्या. शहरात हे मोडलं, इथे अजून टिकून आहे. मात्र घाई नको. डबा आला त्याच संध्याकाळी महागडी मिठाई भरून परत केला तर हिशेब फेडल्यासारखं दिसतं. चार दिवस जाऊ द्या.

डब्यात काय घालायचं हा प्रश्न नव्या माणसाला पडतोच. इथे पिकत नाही ते द्यावं असं मी ठरवलं आहे. कुंभार्ली घाटाने वर गेलो की येताना गूळ, शेंगदाणे, ज्वारीचं पीठ, घेवडा आणतो आणि थोडं थोडं वाटतो. कधी घरी केलेलं काही. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालून डबा द्यावा, तेवढंही चालतं. पैसे कधीच घालू नका. एकदा मी एका घरी भाजीच्या टोपलीत शंभराची नोट ठेवून टोपली परत केली. ती नोट दुसऱ्या दिवशी एका लहान मुलीच्या हातून परत आली, आणि त्या घरून पुढे सहा महिने भाजी आली नाही. भाजीचा वानवळा, म्हणजे आपल्या पिकातला प्रेमाने पाठवलेला वाटा, आला होता आणि मी त्याची विक्री करून टाकली होती.

तुमच्या झाडाला काही आलं तर तुम्हीही वानवळा पाठवा. पहिल्या तोडीचा आंबा आधी ग्रामदेवतेपुढे, मग शेजारी, मग आपल्या घरी. कलमं नवी असतील आणि चारच फळं धरली असतील तरी हाच क्रम. चार आंब्यांतला एक चिरून तीन घरांत फोडी गेल्या, असंही आमच्याकडे एका वर्षी झालं आहे.

मालवणच्या बाजूला किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघायला मिळाली तर उभे राहून फोटो काढण्यापेक्षा दोरीला हात लावा. ओढायला मदत करणाऱ्याच्या पदरात चार मासे पडतात. आमच्या पाहुण्यांनी आधी "नको नको" म्हटलं, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे मच्छीमारांच्या म्होरक्याने, सरळ पिशवीत मासे घातले आणि म्हणाला, "ओढलंत ना? मग घ्या." घेताना लाजू नये हे मी त्या दिवशी शिकले.

दानाच्या आधी देणं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून थोडा लांबवते.

तुमचं घर ज्यांच्या हातांवर चालतं त्यांची यादी करा. माडावर चढणारा, बागेत गवत काढणाऱ्या बायका, घरकामाच्या ताई, गवंडी, आंब्याच्या मोठ्या बागा असतील तर नेपाळहून आलेला राखणदार. त्यांचं देणं चुकवण्याआधी मंदिराला पंखा देऊ नका.

रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, किती द्यायचा? शहरातून आलेला माणूस एक तर घासाघीस करतो किंवा मन मोठं करून दीडपट देतो. दुसरी गोष्ट मीही केली. जूनच्या शेवटी, ऐन लावणीच्या दिवसांत, मी गवत काढायला चालू रोजापेक्षा बरेच जास्त पैसे दिले आणि तीन बायका माझ्याकडे आल्या. त्याच आठवड्यात खालच्या आळीतल्या एका शेतकऱ्याची रोपं वाढून गेली, कारण त्याला लावणीला माणसं मिळाली नाहीत. तो मला एका शब्दाने बोलला नाही. मला काकींकडून कळलं. माझं गवत पंधरा दिवस थांबू शकत होतं, त्याचं भात थांबू शकत नव्हतं.

तेव्हापासून आम्ही असं करतो. रोज गावात चालतो तोच, पण बाईला आणि पुरुषाला सारख्या कामाला सारखा. गावात बाईचा रोज कमी असतो; तिथे आपण बदल करावा आणि विचारलं तर ठामपणे सांगावा. पैसे त्याच संध्याकाळी, सुटे करून, न मागता. लावणी आणि कापणीच्या दिवसांत आपलं काम काढायचं नाही. चहा आपण पितो त्याच कपातून. गणपतीच्या आधी एका महिन्याचा पगार जास्तीचा, कारण घरी मुंबईला नोकरी करणारे चाकरमानी येणार असतात आणि खर्च तेव्हाच उभा राहतो. आजारी पडलेल्या दिवसाचे पैसे कापायचे नाहीत.

आणि विमा. मी बँकेत तीस वर्षं काढली, म्हणून हे कळकळीने सांगते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण मिळतं. वय १८ ते ७० हवं. जीवनज्योती योजनेचा हप्ता ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी २ लाख. त्यात १८ ते ५० या वयात शिरता येतं. दोन्ही हप्ते खात्यातून आपोआप कापले जातात, साधारण मे महिन्याच्या शेवटी. खात्यात तेव्हा शिल्लक नसली की विमा बंद पडतो, आणि घरच्यांना ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. माडावर चढणाऱ्या माणसाचा विमा बंद पडलेला असणं किती वाईट, हे वेगळं सांगायला नको. म्हणून २० मेच्या सुमाराला आपल्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला खात्यात शिल्लक आहे का विचारा, हप्त्याचे पैसे आपण द्या, आणि वारसाचं नाव बरोबर आहे का ते बघा. वर्षभरातल्या तुमच्या एका हॉटेलच्या जेवणात चार-पाच घरांचा हा खर्च निघतो.

वर्गणीत पुढे जाऊ नका

पहिल्या शिमग्याला पालखी घरी आली तेव्हा मी भारावून गेले होते. ढोल, गुलाल, खांद्यावर नाचणारी पालखी, आणि ती आपल्या अंगणात टेकलेली. ओटी भरली, नारळ ठेवला, आणि देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती पुढे आली तेव्हा ११,००० रुपये लिहिले. वाडीतली बाकीची घरं ५०१ देत होती. रात्री सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, ध्वनिक्षेपकावरून यादी वाचली गेली. आमचं नाव वाचलं तेव्हा टाळ्या झाल्या. त्याच्या पाठोपाठचं नाव आमच्या शेजाऱ्यांचं होतं. ते खाली बघत होते. इतकी वर्षं त्या वाडीत पहिलं नाव त्यांचं वाचलं जायचं, हे मला नंतर समजलं.

मराठीत "मिंधा" हा शब्द आहे. ज्याच्या उपकाराखाली मान वर करता येत नाही तो मिंधा. आपल्या देण्याने कुणी मिंधं होत असेल तर ती रक्कम कितीही मोठी असो, चुकली. या किनाऱ्याला तर हे जास्तच लागतं. पिढ्यानपिढ्या इथली माणसं मुंबईत राबली, गिरणगावातल्या खोल्यांत दाटीने राहिली आणि मनिऑर्डरीने गावची घरं चालवली. १९८२ च्या गिरणी संपानंतर कितीतरी जणांना हात हलवत गावी यावं लागलं. तरीही वाडीवाडीच्या मुंबई मंडळांनी वर्गणी काढून सभागृहं बांधली, देवळांची छपरं बदलली, शाळांना खोल्या दिल्या. द्यायचं कसं हे त्यांना शिकवायला आपण आलेलो नाही.

म्हणून वर्गणी वाडीत चालू असेल तेवढीच द्या. जास्त द्यायचं असेल तर खर्चाची एखादी बाब उचला आणि नाव लावू नका. मांडवाचं भाडं, जनरेटरचं डिझेल, भजनी मंडळाच्या पखवाजाची दुरुस्ती. हिशेब ठेवणाऱ्याला आधी सांगून ठेवा की यादीत घालू नका. एक-दोन वर्षं तो ऐकत नाही, मग ऐकतो.

पाणी आणि वाट

इथे पाऊस प्रचंड पडतो आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. इथला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, सगळं वाहून समुद्राला मिळतं. तुम्ही बोअर मारून हिरवळ भिजवत असाल आणि खालच्या अंगाची विहीर आटत असेल, तर वर्षभराच्या तुमच्या देणग्या तिथेच वाहून गेल्या. हिरवळ लावूच नका. पावसाळा संपला की गावात वनराई बंधारे घालतात. सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती-वाळू भरून वहाळ, म्हणजे ओढा, अडवायचा, एवढं साधं काम. त्या दिवशी गोणी शिवायला जा. तुमच्या बांधकामाच्या रिकाम्या गोणी तोवर जपून ठेवल्यात तर फारच उत्तम.

कुंपण घालताना जुनी पायवाट बंद करू नका. कागदावर ती नसेलही. पण मुलं त्या वाटेने शाळेत जातात आणि बायका पाण्याला. गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, एक कवाडी, लहानसं दार, ठेवा.

गाडी, वेळ, सही

पैशापेक्षा गाडी जास्त उपयोगी पडते. शेवटची एसटी गेल्यावर सकाळपर्यंत गावाला वाहन नसतं. १०८ नंबरची रुग्णवाहिका येते, पण पावसात, दरडीच्या रस्त्यावर, तिला वेळ लागतो. टाकी कायम अर्ध्यावर तरी ठेवा आणि शेजारच्या चार घरांना तोंडाने सांगा, "रात्री कधीही हाक मारा." न सांगता कुणी येत नाही, संकोच असतो. साप चावलेला माणूस असो की पोटुशी सून, आलेल्याला डिझेलचे पैसे विचारायचे नाहीत आणि त्यांनी पुढे केले तर हळूच नाही म्हणायचं. दुसऱ्या दिवशी ते नारळ आणून देतील. ते मात्र घ्या.

आपल्या हाताला जे काम येतं ते द्या. मला फॉर्म भरता येतात. दर बुधवारी दुपारी ओटीवर बसते. निराधार योजनेचे अर्ज, पासबुकातल्या नावाची चूक, आधार जोडणी, नोव्हेंबरात निवृत्तांचे हयातीचे दाखले. आमच्या यजमानांना विजेचं काम येतं, ते गावात कुणाचा पंप बंद पडला की जातात. कुणी इंग्रजी शिकवतं, कुणी शिवण. याचे पैसे घेऊ नयेत आणि याचे फोटोही काढू नयेत.

शाळेबद्दल थोडक्यात. दप्तरं आणि वह्या घेऊन थेट वर्गात जाऊ नका. आधी मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारा. आमच्या शाळेच्या बाईंनी वह्यांना सरळ नको म्हटलं, कपाटात तीन वर्षं पुरतील एवढ्या होत्या. त्यांना थकलेलं वीजबिल भरून हवं होतं आणि शिष्यवृत्ती परीक्षेच्या दिवशी पाच मुलांना तालुक्याला नेऊन आणणारं कुणीतरी हवं होतं.

आकडा ठरवा, खातं वेगळं ठेवा

मनाला वाटेल तेव्हा देणं म्हणजे जो समोर येऊन रडेल त्यालाच मिळणं. आम्ही शंभरातले पाच ठरवले. पेन्शन आलं की तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात जाते. त्यातली निम्मी इथल्या ओळखीच्या माणसांच्या औषधपाण्याला आणि शिक्षणाला, पाव हिस्सा संस्थेला, उरलेला वादळ-पुरासाठी हात न लावता ठेवायचा. तुमचा आकडा दोन असेल, दहा असेल. फक्त तो आधी ठरवा, नवराबायकोने मिळून ठरवा, आणि मुलांनाही सांगा.

संस्था निवडताना जाऊन बघा. देवरुखची मातृमंदिर ही संस्था इंदिराबाई हळबे, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, यांनी १९५४ साली दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून सुरू केली. अशी पिढ्यानपिढ्या टिकलेली कामं या पट्ट्यात आहेत. देणगी चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि पावती घ्या. ८०जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला मिळत नाही, आणि तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर ही सवलत तुम्हाला नाहीच. ती नाही म्हणून देणं थांबवू नका.

महिने लक्षात ठेवा. १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद असते, तेव्हा मच्छीमारांच्या घरात रोकड नसते. शाळाही जूनमध्येच सुरू होते. दिवाळीला सगळे देतात, खरी ओढाताण जुलैत असते. एरवी मासे घ्यायला गेलात की कोळणीशी घासाघीस नको. पाटीमागे पहाटेपासूनचं उभं राहणं आहे.

वादळ, पूर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पुढच्या मेमध्ये तौक्ते, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर आम्ही मदतीला गेलो, सोबत तीन पोती जुने कपडे. एका घरातल्या बाई गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. त्यांनी पोत्याकडे बघितलं आणि विचारलं, "फावडं आहे का?" आमच्याकडे नव्हतं. आता आगराच्या खोलीत चार फावडी, सहा घमेली, खराटे, लांब दांड्याचे वायपर, फिनेलचे कॅन आणि गमबूट कायम तयार असतात. नेण्याआधी तिथल्या कुणाला तरी फोन करून काय हवंय ते विचारा. कपडे न्यायचेच असतील तर नवी अंतर्वस्त्रं, टॉवेल आणि सॅनिटरी पॅड. माड-पोफळी मोडलेल्या घराला रोपं द्या, पण पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात. तोवर दर पावसाळ्यात त्या घरी जाऊन या.

उसने मागायला आले तर

येतातच. जी रक्कम परत नाही आली तरी आपली झोप जाणार नाही तेवढीच द्या, आणि दिल्यावर विषय काढू नका. नाही म्हणायचं असेल तर लगेच आणि सरळ म्हणा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. त्या माणसाला दुसरं दार शोधायचं असतं. व्याज कधीच नाही. आमच्याकडून गेलेल्यांपैकी काही परत आले, काही भाताच्या रूपाने आले, काही आले नाहीत. एकाने तीन वर्षांनी माझ्या दारात लाकडाचा ढीग आणून टाकला, वाळलेल्या ऐनाच्या लाकडांचा. त्याच पावसाळ्यात वाडीत एक म्हातारी गेली. आमच्या वाडीत मयत झालं की प्रत्येक घरातून लाकूड जातं, आणि भर आषाढात सुकं लाकूड फक्त आमच्या पडवीत होतं.

गेल्या वैशाखात काकींच्या नातीचं लग्न होतं. काकी सकाळी आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "तुमची मोठी पातेली, पराती, ताटं आणि वरच्या दोन खोल्या चार दिवस लागणार आहेत." विचारलं नाही, सांगितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी फडताळ उघडलं आणि त्यांच्या पोरांनी अर्धं स्वयंपाकघर उचलून नेलं.

म्हणून शेवटचं काम सांगते, ते मात्र पहिल्याच महिन्यात करा. घरातल्या सगळ्या भांड्यांवर नाव घालून घ्या. तालुक्याच्या भांड्यांच्या दुकानात मशीनने कोरून देतात. ताटांना मागच्या बाजूने आणि पातेल्यांना काठाखाली, म्हणजे घासताना दिसतं.